कपाट भरलेलं असताना पर्सनल शॉपर घ्यावा का?

एका ताईंनी विचारलं आहे: वय ४३, राहायला ठाण्यात. मुलांसाठी नोकरी सोडली होती, आता बऱ्याच वर्षांनी बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) एका कंपनीत वरच्या हुद्द्यावर रुजू व्हायचं आहे. कपाट गच्च भरलेलं आहे, पण ऑफिसला घालावं असं त्यात काही सापडत नाही. दिवाळीनंतर भाचीचं लग्नही आहे. अशा वेळी पर्सनल शॉपर घ्यावा का? तो नेमकं काय करतो, त्याचे पैसे कशाचे द्यायचे, आणि न शोभणारं काहीतरी त्याने गळ्यात मारलं तर?

मी मुंबई-ठाण्यात गेली कित्येक वर्षं हेच काम करते. तुमच्या बाबतीत माझं उत्तर ‘घ्या’ असं आहे. मात्र पहिल्या भेटीत एकही कपडा विकत घेऊ नका, आणि जी बाई पहिल्याच दिवशी तुम्हाला मॉलमध्ये भेटायला बोलावते तिला नम्रपणे नकार द्या.

सगळ्यात आधी पैशांचं बोलते, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. पर्सनल शॉपरची कमाई तीन वाटांनी होते. एक, तुम्ही तासाचे किंवा दिवसाचे ठरलेले पैसे देता. दोन, एकूण बिलाच्या काही टक्के देता. तीन, तुम्ही काहीच देत नाही आणि दुकान तिला कमिशन देतं. तिसरी वाट फुकटची वाटते, पण कमिशन शेवटी तुमच्याच बिलातून निघतं. लग्नाच्या बस्त्याच्या बाजारात ही पद्धत चांगली रुळलेली आहे. गिऱ्हाईक घेऊन येणाऱ्याचा हिस्सा काही दुकानांत आधीच ठरलेला असतो आणि मग भाव कमी करायला त्या दुकानाकडे जागाच उरत नाही. बिलाच्या टक्क्यांची पद्धत मला त्याहूनही नापसंत आहे. तुम्ही जास्त खर्च केला की तिला जास्त मिळणार असेल, तर ‘हे नको, घरी आहे असंच’ हे वाक्य तिच्या तोंडून निघेल कसं? आणि तुम्ही पैसे मोजता ते त्या वाक्यासाठीच.

म्हणून फोनवरच सरळ विचारा, ‘दुकानाकडून तुम्हाला काही मिळतं का?’ उत्तर देताना जी अडखळते तिच्याकडे जाऊ नका. मिळत असेल आणि तिने ते उघड सांगितलं, तर निदान तुम्हाला विचार करून ठरवता येतं. ठरलेली रक्कम, काय काय करणार ते व्हॉट्सॲपवर लिहून, आणि प्रत्येक दुकानात बिल तुमच्या नावाने, पैसे तुमच्या हाताने. एवढं ठरवून घेतलं की निम्म्या भानगडी टळतात.

मोठ्या दुकानांत आता स्टायलिस्ट मोफत मिळतात. त्यांतल्या कित्येक जणी कामात तरबेज असतात, मी स्वतः त्यांच्याकडून शिकले आहे. पण त्यांच्यापुढे त्या दुकानातले हँगर एवढंच जग असतं. तुमच्या कपाटात काय आहे ते त्यांना दिसत नाही आणि पलीकडच्या गल्लीत तेच कापड निम्म्या भावात आहे हे त्या सांगू शकत नाहीत. याला अपवादही झाले आहेत. न्यूयॉर्कच्या बर्गडॉर्फ गुडमन या दुकानात बेटी हॅलब्राइक १९७६ पासून हे काम करत आणि नव्वदी ओलांडल्यावरही गिऱ्हाइकांना भेटत. २०२४ मध्ये त्या गेल्या. न शोभणारी गोष्ट तोंडावर सांगायची, कितीही महाग असली तरी घेऊ द्यायची नाही, ही त्यांची ख्याती. आमच्या धंद्यात मी आदर्श मानते तो हा.

आता कपाट. चांगली पर्सनल शॉपर आधी तुमच्या घरी येते आणि कपाट उपसायला लावते, अगदी पलंगाखालच्या पेटीसकट. सगळे कपडे गादीवर. या कामात तीन-चार तास सहज जातात आणि माझ्या मते संपूर्ण कामातला हाच सगळ्यात मोलाचा भाग आहे. कारण तुमची खरी आवड कपाटात लिहिलेली असते. पाच मोरपंखी कुर्ते निघतात, पण त्यांच्याखाली घालायला एकही धड पँट निघत नाही. तीन सुंदर ओढण्या निघतात ज्यांचे कुर्ते केव्हाच विटून गेले. लेबलसुद्धा न काढलेले कपडे निघतात. त्या न घातलेल्या कपड्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. का घातला नाही? काखेत काचतो, धुतल्यावर आखडेल अशी भीती वाटते, वर घालायला जॅकेट नाही, की सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून घेतला? एकच कारण पुन्हा पुन्हा निघालं की तुमच्या खरेदीतली खोड सापडली.

जास्त घातलेले कपडेही तितकेच बोलतात. कोपर झिजलेला, कॉलर विरलेली असा तुमचा लाडका कुर्ता बाजूला काढून ठेवा, टाकू नका. त्याची मापं पुढे सोन्यासारखी उपयोगी पडतात, ते खाली सांगते.

कपाटातून तीन ढीग होतात: आहे तसं चालेल, टेलरकडे जाईल, घरातून जाईल. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा टेलरचा ढीग मोठा निघतो. कुर्त्याची लांबी कमी करणं, बाही आखूड करणं, कमरेत घेणं, पँटची खालची पट्टी वर करणं ही सोपी कामं आहेत. कपडा सैल करायचा असेल तर शिवणीच्या आत किती कापड ठेवलं आहे ते उलटून पाहा. टेलरकडून शिवून घेतलेल्या कपड्यात ते असतं, स्वस्त तयार कपड्यात बहुधा नसतं. खांदा आणि मुंढा (बाही जिथे जोडतात तो भाग) मात्र बिघडलेला असेल तर नाद सोडा. खांदा उसवून पुन्हा बसवायचा म्हणजे जवळजवळ नवा कपडा शिवण्याइतकं काम, आणि तरी तो नीट बसेलच असं नाही. खरेदीतही म्हणून खांद्यावर नजर आधी. बाकी सगळं आपल्या नाक्यावरचा टेलर सांभाळून घेतो.

या सगळ्यानंतर यादी बनते आणि ती तुमच्या अपेक्षेपेक्षा छोटी असते. तुमच्यासारख्या बाबतीत ती साधारण अशी निघेल: दोन चांगल्या पँट, एक अस्तराचं जॅकेट किंवा ब्लेझर, दोन-तीन साधे टॉप, एक बंद बूट आणि मग आधीच्या कुर्त्यांचा नव्याने वापर. यादीत नाही ते त्या दिवशी घ्यायचं नाही. मोह झालाच तर फोटो काढून ठेवायचा आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहायचा.

ठाण्याहून बीकेसी म्हणजे बहुतेकींसाठी लोकल, कुर्ल्याला उतरणं आणि पुढे बस किंवा रिक्षा. कपडे निवडताना मी हा रस्ता डोळ्यांपुढे आणते. जून ते सप्टेंबर घोट्यापर्यंत लोळणारा पलाझो कुर्ला स्टेशनबाहेर पाच मिनिटं टिकत नाही. पँट घोट्याच्या वर संपणारी हवी आणि कापड लवकर वाळणारं. शुद्ध लिनन दिसतं देखणं, पण डब्यातल्या गर्दीतून बाहेर पडेस्तोवर त्याची घडी पार मोडलेली असते. ज्यांना ती चुरगळ आवडते त्यांनी जरूर घालावं, पहिल्याच आठवड्यात मीटिंगला जाणाऱ्यांनी नको. जाड सुती कापड पावसाळ्यात दोन-दोन दिवस ओलं राहतं. रेयॉन आणि व्हिस्कोस अंगाला गार लागतं, पण ओलं असताना ते कमकुवत होतं, पिळून वाळत घातलं की आकार सोडतं. पँटसाठी मी पॉलिस्टर-व्हिस्कोसचं मिश्र कापड सुचवते, इस्त्री टिकते आणि लवकर वाळतं. वरच्या कपड्याला मात्र सूत किंवा महेश्वरीसारखं रेशीम-सुती कापड. आत ऑफिसात एसी कडक असतो, म्हणून जॅकेट ऑफिसच्या खुर्चीवरच राहू द्या. प्रवासात ते अंगावर नको.

खर्चाचा हिशेब मी बिलावरून करत नाही. ६,००० रुपयांचा ब्लेझर वर्षभरात ६० वेळा घातला तर एका वेळेला १०० रुपये पडले. १,२०० रुपयांचा सेलमधला कुर्ता एकदाच घातला, तर तो बाराशेला पडला. हा हिशेब सासूबाईंनाही पटतो, नवऱ्यालाही. कराचंही लक्षात ठेवा: २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलात की १८ टक्के, आणि तोही एका नगाच्या किमतीवर. त्यामुळे अडीच हजाराच्या थोडे वर असलेले कपडे घासाघीस करून किंवा सवलतीत त्या रेषेखाली आणता आले तर चांगलाच फरक पडतो.

दुकानात जाण्याआधी चांगली शॉपर एकटी फेरी मारून येते आणि तुमच्या मापाचे कपडे बाजूला काढून ठेवायला सांगते. मग तुम्हाला दहा दुकानं तुडवावी लागत नाहीत, दोन-तीन पुरतात. मंगळवार-बुधवारची सकाळ सगळ्यात चांगली. रविवारी संध्याकाळी ट्रायल रूमच्या रांगेत उभं राहून कोणीही शहाणपणाने निवड करत नाही. जाताना ऑफिसला घालणार ते बूट आणि योग्य आतले कपडे घालून जा. कपडा घातला की आरशापुढे नुसत्या उभ्या राहू नका. खाली बसा. वाका. लोकलची कडी धरल्यासारखा हात वर न्या. कुर्ता वर सरकून कंबर उघडी पडली, किंवा पाठीवर ताण आला, तर तो कपडा तुमचा नाही. हे सगळं करायला एक मिनिट लागतं, आणि लाजून न केल्यामुळे वाया गेलेले कपडे मी प्रत्येक कपाटात पाहते.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. तुमच्या कांतीचा रंग कुठल्या ‘ऋतूत’ बसतो आणि त्यावरून तुम्हाला कोणते रंग शोभतील, याचे तक्ते हल्ली पुष्कळ विकले जातात. त्यावर पैसे घालण्यापेक्षा दुकानाच्या दारात या. पूर्वी आपल्या आया-मावश्या दादरला साडी घेताना दुकानदाराला सांगून ती बाहेर उजेडात नेऊन बघत, ते शंभर टक्के बरोबर होतं. दुकानातल्या दिव्यांखाली एकमेकांशी जुळणारे दोन निळे बाहेरच्या उजेडात वेगळे दिसू शकतात. पदर किंवा कॉलर चेहऱ्याजवळ धरा आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं गडद झाली की फिकी झाली एवढंच पाहा. आणि ‘सावळ्या रंगाला पिवळा चालत नाही’ म्हणणाऱ्या शॉपरला तिथेच थांबवा. सावळ्या कांतीवर हळदीपिवळा, मोहरीचा रंग, गर्द जांभळा किती खुलतो हे मी रोज पाहते. त्या जुन्या समजुतीने कितीतरी मुली वर्षानुवर्षं फिके बदामी रंग घालत राहिल्या, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

साइझच्या लेबलवर विश्वास ठेवू नका आणि त्यावरून स्वतःला दोषही देऊ नका. एका ब्रँडचा एम दुसऱ्याचा एक्सएल असतो, कारण भारतीय शरीरांसाठी एकच मान्य तक्ता बाजारात रुळलेला नाही. निफ्ट या फॅशनचं शिक्षण देणाऱ्या संस्थेने ‘इंडिया साइझ’ नावाचा प्रकल्प याचसाठी हाती घेतला. सहा शहरांतल्या सुमारे २५ हजार लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची अशी त्याची आखणी होती. असा तक्ता बाजारात रुळेपर्यंत आपला उपाय साधा आहे. तो बाजूला ठेवलेला लाडका कुर्ता गादीवर सपाट पसरा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, खांद्याच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंत, मुंढ्याची खोली, बाहीचा घेर, पूर्ण लांबी अशी मापं टेपने घेऊन फोनमध्ये ठेवा. ऑनलाइन घेताना कपड्याची मापं दिलेली असतात, ती याच्याशी ताडून पाहा. अंगाच्या मापापेक्षा हे अधिक भरवशाचं, कारण तुम्हाला किती सैल आवडतं तेही त्यात आलेलं असतं. सुती कापड शिवायला टाकायचं असेल तर आधी पाण्यातून काढून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात कुर्ता दोन बोटं वर जातो.

सोबत कोणाला न्यायचं, हा प्रश्न प्रत्येक जण विचारते. माझी विनंती असते की ऑफिसच्या खरेदीला कोणालाच आणू नका. बहीण प्रेमाने येते, पण तिला तिच्या अंगावर काय शोभेल ते दिसत असतं. मुलगी आली तर तुम्ही तिच्या पसंतीला मान देता. आणि ज्या बाईने वर्षानुवर्षं घरच्यांच्या आवडीने कपडे घेतले, तिला स्वतःची आवड बोलून दाखवायला थोडी शांतता लागते. कित्येक जणी ट्रायल रूममधून बाहेर येऊन आधी माझ्याकडे पाहतात, ‘कसं दिसतंय?’ म्हणून. मी उलट विचारते, ‘तुम्हाला कसं वाटतंय?’ सुरुवातीला उत्तर येत नाही. तिसऱ्या-चौथ्या कपड्याला येतं, आणि बहुधा अचूक असतं. जी शॉपर तुमच्या आधी स्वतःचं मत सांगून टाकते, तिच्याबरोबर वर्षभराने तुम्ही तिच्यासारख्या दिसायला लागाल.

कोणी पर्सनल शॉपर घेऊ नये? बाळंतपणानंतर किंवा आजारपणात वजन झपाट्याने बदलत असेल तर सहा महिने थांबा, तोवर इलॅस्टिकच्या दोन पँट पुरे. हातात पैसे मोजकेच असतील तर पूर्ण काम देऊ नका, फक्त कपाटाची एक बैठक घ्या आणि उरलेले पैसे टेलरला द्या. आणि मन फार उदास असेल तेव्हा खरेदीच नको, शॉपरसोबतही नको.

घेतलेला कपडा सदोष निघाला, शिवण उसवली, रंग पहिल्या धुण्यात गेला, तर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. नुसतं मन बदललं तर मात्र हा हक्क मिळत नाही, तिथे दुकानाचे नियम. बिल जपून ठेवा.

राहिलं भाचीचं लग्न. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहणारी आपली मंडळी मला याचसाठी सगळ्यात जास्त फोन करतात, आणि बहुतेक वेळा उशिरा करतात. पैठणी घ्यायची असेल तर तुम्हाला कशाचे पैसे द्यायचे आहेत ते आधी ठरवा. येवल्याला हातमागावर विणलेली पैठणी नक्षीप्रमाणे काही आठवडे ते काही महिने घेते, आणि किंमत त्या हातांची असते. यंत्रावरची सेमी पैठणी स्वस्त असते, तीही सुंदर दिसते, पण ती हातमागाच्या भावात घेऊ नका. पदर उलटा करून पाहा: हाताने विणलेल्या पदरावरचा मोर आणि मुनिया उलट्या बाजूलाही तितक्याच स्वच्छ दिसतात, यंत्रावरच्या पदरामागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. सिल्क मार्कचं लेबल जरूर पाहा. केंद्रीय रेशीम मंडळाने ते २००४ मध्ये आणलं. पण ते फक्त रेशीम शुद्ध असल्याची हमी देतं, साडी हातमागाची आहे की नाही हे सांगत नाही. त्यासाठी हॅन्डलूम मार्क वेगळा असतो. ‘आर्ट सिल्क’ लिहिलेलं असेल तर ते कृत्रिम. शंका आली तर काठाचा एक सुटा धागा मागून जाळून बघा: रेशीम जळलेल्या केसांसारखा वास देतं आणि राख बोटांत चुरते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

आईची जुनी पैठणी घरात असेल तर मी नवी घ्यायला सांगणारच नाही. घडीवर चिरली नसेल तर तिला नवा फॉल लावा आणि विरोधी रंगाच्या खणाचं ब्लाऊज शिवा. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण जुन्या पैठणीवर जितका उठून दिसतो तितकं तयार डिझायनर ब्लाऊज दिसत नाही. वाचलेले पैसे ऑफिसच्या ब्लेझरला वापरा. फक्त ब्लाऊजचं कापड आजच ठरवा, कारण दिवाळीच्या आधी चांगले टेलर नवी कामं घेणं बंद करतात आणि दिवाळीनंतर लग्नांची गर्दी सुरू होते. अस्तर लावलेल्या ब्लाऊजची एक ट्रायल मधे हवीच, तेव्हा आठ दिवस हाताशी ठेवून तारीख मागा.